रंग गेला की ज्योत बंद

कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना पापणीसर म्हणत. त्यांनाही या नावाचा राग नव्हता. उलट कोणी पूर्ण नावाने हाक मारली, तर हा आता कसली वर्गणी मागतोय अशा नजरेने ते बघायचे. नाव पडलं ते एका प्रयोगामुळे. दरवर्षी अल्कीनचा धडा आला की सर टेबलावर गोल बुडाचा चंबू चढवायचे, त्यात इथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल तापवायचे, निघालेला वायू काचेच्या नळीतून नारिंगी ब्रोमीनच्या पाण्यात सोडायचे आणि वर्गाकडे वळून म्हणायचे, "आता पापणी लवू देऊ नका. लवली त्याचं वर्ष वाया." मुलं डोळे ताणून बसत. पाच-सहा बुडबुडे फुटत आणि नारिंगी पाणी एकदम नितळ होऊन जाई. मागच्या बाकावर एखाद्याची पापणी हमखास लवलेली असे, आणि तो बिचारा पुढे कुठेही गेला तरी आपलं काहीतरी हुकलं असं सांगत फिरे.

सर शिकवायचे मात्र झकास. "अल्कीन म्हणजे काय? दोन कार्बन शेजारी उभे आहेत आणि त्यांनी एकमेकांना दोन्ही हातांनी धरलंय. एक पकड घट्ट, दुसरी जरा सैल. ब्रोमीन दारात आलं की सैल पकड सुटते आणि दोघेही मोकळ्या हाताने पाहुण्याला धरतात. पाहुणा असा अडकला की त्याचा रंग गेला. लग्नानंतर माझा गेला तसा." हे वाक्य दरवर्षी त्याच जागी यायचं आणि मुलं दरवर्षी हसायची, कारण मुलं दरवर्षी नवी असायची. मग प्रोपीनची पाळी. त्याची दोन टोकं सारखी नसतात. तिथे हायड्रोजन ब्रोमाइड आलं तर हायड्रोजन कुणाकडे जाणार? "ज्याच्याकडे आधीच जास्त हायड्रोजन आहेत त्याच्याकडेच! आपल्या संस्थेत बढती मिळते तसं. आणि चिमूटभर पेरॉक्साइड पडलं की हाच न्याय उलटा होतो. म्हणून संस्थेच्या कार्यालयात पेरॉक्साइड ठेवत नाहीत."

हे सगळं आधीच सांगून ठेवलं, कारण पुढचं वाचून कोणाला वाटायचं की माणूस बिनडोक होता. तसा नव्हता. माणूस भित्रा होता. आणि बिनडोक माणसाच्या अपयशाने जेवढं बिघडत नाही, तेवढं भित्र्या माणसाच्या यशाने बिघडतं. सरांना यश फार लवकर मिळालं, तिथेच घोडं पेंड खात होतं.

झालं होतं असं. नोकरीच्या पहिल्या वर्षी सरांनी हाच प्रयोग पुस्तकाबरहुकूम मांडला होता. पुस्तकात चंबू आणि ब्रोमीन यांच्या मधे आणखी एक बाटली असते, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची. वायू तिच्यातून धुऊन निघतो आणि मग पुढे जातो. चंबू तापत गेला, आतलं मिश्रण काळं पडून फेसाळायला लागलं, फेस गळ्यापर्यंत चढला, आणि सरांचा धीर सुटला. त्यांनी झटकन बर्नर बंद केला. चंबू निवायला लागला तसा आतला वायू आकसला, कॉस्टिक सोडा नळीतून उलटा ओढला जाऊन थेट उकळत्या आम्लात पडला आणि धडाम! कोणाला लागलं नाही, एवढं नशीब. छतावर मात्र काळा डाग उमटला. दर उन्हाळी सुट्टीत त्यावर चुना मारायचे आणि दर पावसाळ्यात तो पुन्हा डोकवायचा.

पुस्तकात लिहिलं होतं, 'आधी नळी बाहेर काढा, मग ज्योत बंद करा.' सरांनी ते वाचलं नव्हतं असं नाही, पण हातपाय गाळलेल्या माणसाला पुस्तक आठवत नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी सोपा उपाय केला. बाटलीच काढून टाकली. न राहो बाटली, न होवो स्फोट. आणि काय चमत्कार! पहिल्या पाच-सहा बुडबुड्यांतच ब्रोमीनचा रंग गेला. फेस चढायच्या आधीच काम फत्ते. सरांनी सुटकेचा श्वास टाकून ज्योत बंद केली, आणि त्या दिवसापासून नियमच करून टाकला: रंग गेला की ज्योत बंद. कॉस्टिकची बाटली कपाटाच्या मागच्या फळीवर गेली. मुलांना टिपणं सांगताना ते म्हणत, "पुस्तकातल्या आकृतीत एक बाटली दिसेल. ती शोभेची आहे. चित्रकाराला जागा रिकामी दिसली असेल."

घरीही त्यांचा हाच खाक्या. दूध तापवायला ठेवलं की कडेला पहिला बुडबुडा दिसताच हे गॅस बंद करायचे. "यांनी तापवलेलं दूध कोमट असतं, आणि संध्याकाळी नासतं," त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची. घर बघायला गेले तेव्हा पहिल्याच घराला 'छान आहे' म्हणून आले. त्याच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. मुलाने गाण्याच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस आणलं त्याच दिवशी त्याचं गाणं बंद केलं, "आता कशाला, मिळालं की!" बायको म्हणायची, "अहो, उकळी येऊ द्या की कशाला तरी!" सर म्हणायचे, "उतू गेल्यावर पुसायला मीच येतो ना?"

आणखी एक गंमत होती. पुस्तकात लिहिलेलं, इथीनला मंद गोडसर वास असतो. सरांच्या प्रयोगाला वास यायचा काडेपेटीची काडी नुकतीच ओढल्यासारखा, नाकात झणझणणारा. दरवर्षी एखादं चौकस पोर उभं राहून विचारायचं, "सर, पुस्तकात तर गोडसर लिहिलंय." सर मिस्कील हसून म्हणायचे, "पुस्तक लिहिणाऱ्याला त्या दिवशी सर्दी असेल." वर्ग खदखदून हसे, पोर खाली बसे, आणि परीक्षेत सगळे 'इथीनचा वास: झणझणीत' असं लिहीत. उत्तरपत्रिका सरच तपासत, त्यामुळे गुणही मिळत. शिवाय त्यांच्या तासाला प्रयोगानंतर मुलांना पेंग यायची. ती दुपारच्या उन्हावर ढकलली जायची.

सर निवृत्त झाले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या टेबलाला पितळी पाटी ठोकली: 'या टेबलावर ब्रोमीनचा रंग कधी टिकला नाही.' संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते ती उघडली गेली. अध्यक्ष स्वतः सरांचेच विद्यार्थी. रसायनशास्त्रात दोनदा नापास होऊन ते बांधकामाच्या धंद्यात गेले होते आणि आता कॉलेज चालवत होते. त्यांनी भाषणात सांगितलं, "मी सगळं विसरलो, पण तो रंग जाताना पाहिलेला विसरलो नाही." सरांचे डोळे पाणावले. खरोखर पाणावले. एवढ्या वर्षांत आपल्याजवळ एक गोष्ट अशी होती जी कधी फसली नाही, या विचाराने माणसाला भरून येणारच.

आता सुनेकडे वळू. मुलगा औषधांच्या कंपनीत फिरतीवर. त्याने लग्न जमवलं ते रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीशी. सरांना आकाश ठेंगणं झालं. ती त्याच विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर लागली. सरांनी तिच्यासाठी शब्द टाकला नाही. टाकायची गरजच पडली नाही, न टाकताच तो सगळ्यांना ऐकू गेला. घरी ती त्यांना बाबा म्हणायची, कॉलेजात सर. तेही कॉलेजात तिला मॅडम म्हणत आणि घरी आल्यावर 'सूनबाई, चहा टाकतेस का' म्हणत. सर निवृत्त झाल्यावर अल्कीनचा धडा तिच्याकडे आला, टेबल आलं, पाटी आली. आणि तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर कपाटाच्या मागच्या फळीवरून ती बाटली काढून धुऊन जागेवर लावली.

झालं! चंबू तापतोय, वायू कॉस्टिकमधून बुडबुडतोय, ब्रोमीन आपलं नारिंगीचं नारिंगी. मुलं पापणी न लववता बसली. डोळ्यांतून पाणी आलं तरी रंग जाईना. पंधरा-वीस मिनिटांनी चंबू काळाठिक्कर पडून फेसाळला, तेव्हा कुठे रंग फिका होत होत गेला. तोवर अर्धा वर्ग बाहेर जाऊन चहा पिऊन आला होता. विभागप्रमुखांकडे तक्रार गेली. या गृहस्थांना सगळे घड्याळसाहेब म्हणत, कारण बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या मनगटाकडे बघत. त्यांनी सूनबाईंना बोलावून सांगितलं, "मॅडम, पापणीसर एका तासात तीन प्रयोग उरकायचे. तुम्हाला एक जमत नाही. तुमच्या कायम होण्याचा प्रश्न समितीपुढे आहे. ही बाटली काढा बघू." ती म्हणाली, "बाटली काढली तर तो प्रयोग राहणार नाही, साहेब." घड्याळसाहेबांनी मनगटाकडे बघून सुस्कारा सोडला.

हे सगळं सरांना कळलं ते घड्याळसाहेब घरी आले तेव्हा. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "सर, समिती पुढच्या आठवड्यात येतेय. अध्यक्ष स्वतः असणार. तुम्हीच येऊन एकदा तुमची पद्धत दाखवा. मॅडम शेजारी उभ्या राहून शिकतील, समितीला समाधान, विषय संपला. नाहीतर... तुम्ही समजदार आहात." सर सुनेकडे वळून कौतुकाने म्हणाले, "अगं, मला विचारायचं नाही होय? ज्योत बारीक ठेवत असशील."

"मोठीच ठेवते, बाबा. एकशेसत्तर अंशांपर्यंत न्यायला वेळ लागतो."

"एकशेसत्तर?" सर हसले. "इतकं कशाला? मी तर एकशेचाळीसच्या पुढे कधी..." आणि ते थांबले. घड्याळसाहेब तेव्हा घड्याळात बघत होते, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. सुनेने मात्र मान खाली घातली.

पाहुणे गेल्यावर सर म्हणाले, "काय आहे ते बोल."

"काही नाही, बाबा."

"बोल गं," आतून सासूचा आवाज आला. "नाही बोललीस तर हे रात्रभर कूस बदलत राहतील आणि मला झोपू देणार नाहीत."

ती बोलली, पण प्रत्येक वाक्याआधी थांबून. आम्ल तापलं की अल्कोहोल करपतं आणि सल्फर डायऑक्साइड निघतो. तोही ब्रोमीनचा रंग घालवतो, आणि इथीनपेक्षा कितीतरी आधी. तो अडवायलाच कॉस्टिकची बाटली. "म्हणजे बघा बाबा, एका दारातून दोन पाहुणे येणार आहेत. पहिला आला की तुम्ही दार लावून घेता. दुसरा येऊन गेला असं सगळे म्हणतात, पण त्याला कोणी पाहिलेलंच नाही. आणि एकशेचाळीसला इथीन बनतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे दोन अल्कोहोल मिळून ईथर होतं."

"ईथर? गुंगीचं?"

"हो. तुमच्या तासाला मुलांना पेंग यायची म्हणतात ना... म्हणजे मी आपलं ऐकलंय."

आत सासूला हसू फुटलं आणि ते तिने खोकल्यात दडवलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला. "हजारो मुलांनी डोळ्यांनी पाहिलं ते काय डोळे गहाण ठेवून? रंग गेला नाही असं म्हणायचंय तुला?"

"रंग गेला हे खरंच आहे. कोणी घालवला, एवढाच प्रश्न आहे."

"पेरॉक्साइड!" सर ताडकन उठले. "घरात पेरॉक्साइड आणून ठेवलंय आम्ही!" आणि न जेवता खोलीत गेले. बायकोने ताट झाकून ठेवलं. भूक लागली की रुसवा आपोआप खाली येतो हा तिचा अनुभव होता, आणि तासाभराने तो आलाही. जेवताना मात्र त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तास नसताना, 'जरा हात बसवून घेतो' असं सांगून सर प्रयोगशाळेत गेले. आतून कडी लावली. आधी बाटली न लावता प्रयोग केला. बुडबुडे फुटले, रंग पापणी लवायच्या आत गेला. मग बाटली लावून केला आणि एरवी ज्योत बंद करायचे त्या अंशांवर येऊन थांबले. ब्रोमीन नारिंगी. आणखी थोडं थांबले. नारिंगी. शेवटी त्यांनी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये बुडवलेला कागदाचा तुकडा, बाटली न लावता, नळीच्या तोंडाशी धरला. नारिंगी कागद हिरवा पडला. सल्फर डायऑक्साइड ओळखायची ही खूण ते स्वतःच शिकवायचे, फक्त दुसऱ्या धड्यात. दोन धड्यांची गाठ त्यांनी कधी पडू दिली नव्हती.

सर स्टुलावर बसले. लाज वाटली, आणि ती नुसत्या चुकीची नव्हती. चूक कोणाचीही होते. ते चौकस पोर त्यांना आठवत होतं. एक नव्हे, दरवर्षीचं एकेक. प्रत्येकाला त्यांनी सर्दीचा विनोद सांगून खाली बसवलं होतं, आणि त्या प्रत्येकाचं नाक बरोबर होतं.

मग एक भलताच विचार आला, आणि तो बराच वेळ गेला नाही. समितीपुढे बाटली न लावता प्रयोग करायचा. रंग पापणी लवायच्या आत जाईल, टाळ्या पडतील, पाटी शाबूत राहील. सून काही बोलायची नाही, सासऱ्याचं नाव घालवणारी ती नव्हे. फक्त ती स्वतः बाटली काढणार नाही, म्हणजे तिची नोकरी जाईल. मग ती दुसरीकडे बघेल, हुशार आहे, मिळेल कुठेतरी. सरांनी हे सगळं मनात नीट मांडून पाहिलं, आणि त्यांना जाणवलं की हेही आपण रंग गेला की ज्योत बंद अशाच हिशेबाने करतोय. निदान आता तरी पुढे जाऊन बघू म्हणून त्यांनी पुन्हा बर्नर पेटवला. पारा एकशेपन्नासला आला, मिश्रण काळवंडलं, फेस उठला, छतावरचा डाग थेट डोक्यावर आला. हात आपसूक पुढे गेला. नळी बाहेर काढायचं भान राहिलं एवढंच, पण ज्योत बंद झाली ती झालीच.

समितीच्या दिवशी प्रयोगशाळा गच्च भरली. अध्यक्ष पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी घड्याळसाहेब, मागे दोन सभासद, जे कुठल्याही समितीत मागेच असतात. त्यांच्या मागे मुलं. सर पांढरा ॲप्रन घालून टेबलामागे उभे राहिले. सून बाजूला. तिला काहीच माहीत नव्हतं. सकाळपासून तिने सासऱ्यांना काही विचारलं नव्हतं आणि सासऱ्यांनी काही सांगितलं नव्हतं; सासूने फक्त दोघांच्याही चहात साखर जास्त घातली होती.

सरांनी चंबू चढवला. आत अल्कोहोल, आम्ल, फेस आवरायला चमचाभर वाळू. थर्मामीटर बुडवला. नळी जोडली. मग खाली वाकून त्यांनी कॉस्टिकची बाटली उचलली आणि मधे लावली. सुनेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळसाहेबांनी पहिल्यांदाच घड्याळावरची नजर काढली.

"सर, ती बाटली..."

"असू द्या. शोभेची आहे," सर म्हणाले आणि बर्नर पेटवला.

पाच मिनिटं झाली. बुडबुडे निघत होते, ब्रोमीन नारिंगी होतं. मुलं पापण्या ताणून बसली होती. मागचे दोन सभासद खुर्चीत सावरून बसले, मग सैल झाले. अध्यक्षांना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी एकदा परीक्षानळीकडे पाहिलं, एकदा पितळी पाटीकडे, आणि पाटीवर विश्वास ठेवून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. "गेला! गेला! वा सर, हात कायम आहे!" घड्याळसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. सभासदांनी वाजवल्या. मुलांनी तर वाजवल्याच, त्यांना टाळ्या वाजवायला कारण लागत नाही. सगळ्या खोलीसमोर नारिंगी पाणी ढळढळीत नारिंगी दिसत होतं, आणि सगळी खोली रंग गेला म्हणून आनंदात होती.

"गेलेला नाही," सर म्हणाले.

टाळ्या थोड्या विरळ झाल्या.

"रंग गेलेला नाही. बघा की जरा! आणि ऐका. मी या टेबलावर आजवर जो रंग घालवला, तो इथीनने गेला नव्हता. सल्फर डायऑक्साइडने गेला होता. या बाटलीला मी घाबरलो, म्हणून ती काढली, आणि पहिल्या पाहुण्यालाच नवरदेव समजून दार लावलं. मी आयुष्यात इथीन बनवलेलं नाही. या मॅडम वीस मिनिटं लावतात, कारण इथीनला वीस मिनिटं लागतात. त्यांना नापास करायचं असेल तर आधी मला करा."

अध्यक्ष मोठ्याने हसले आणि उठून त्यांनी सरांचे दोन्ही खांदे धरले. "याला म्हणतात मोठेपणा! सुनेची बाजू घ्यायला स्वतःकडे कमीपणा घेतला! अहो, आम्ही पाहिलंय ना तो रंग जाताना!" सर म्हणत होते, "तसं नाही हो, तसं नाही," पण टाळ्यांचा दुसरा सपाटा सुरू झाला होता आणि त्यात ते बुडालं. अध्यक्षांनी उभ्या उभ्या निकाल सांगितला: सरांनी बाटली लावली, मॅडमही बाटली लावतात, म्हणजे मॅडम सरांच्याच पद्धतीने शिकवतात, मग अडलंय कुठे? मॅडम कायम. "आणि पाटी चांगली घासून घ्या," जाता जाता ते घड्याळसाहेबांना म्हणाले. शेजारच्या खोलीत चहा मांडला होता. खोली बघता बघता रिकामी झाली.

राहिले दोघे, आणि जळता बर्नर.

"बाबा," सून म्हणाली. कॉलेजात ती त्यांना कधी बाबा म्हणत नसे. "झालं आता. बंद करू?"

"थांब."

पारा एकशेपन्नासच्या पुढे सरकला. चंबू काळा झाला. फेस उठला, वाळूला न जुमानता चढला, पार गळ्यापाशी आला. सरांचा उजवा हात बर्नरकडे निघाला, तो त्यांनी डाव्या हाताने मनगटात धरून ठेवला. तसं उभं राहिलेलं कोणी पाहिलं असतं तर म्हातारा स्वतःशीच कुस्ती खेळतोय असं वाटलं असतं. सुनेने परीक्षानळीच्या मागे आपला हात धरला. छतावरचा डाग वर होता तिथे होता. एकशेसाठ. एकशेसत्तर. फेस गळ्याशी घुटमळला आणि तिथेच राहिला. बुडबुडे आता भराभरा येत होते.

नारिंगी पाणी पिवळं झालं. पापणी लवायच्या आत काहीच झालं नाही. सरांच्या पापण्या कितीतरी वेळा लवल्या, त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पिवळं हळूहळू फिकं होत होत एका क्षणी परीक्षानळीच्या मागे धरलेला सुनेचा हात स्वच्छ दिसायला लागला.

सरांनी आधी नळी बाहेर काढली. मग ज्योत बंद केली. नळीच्या तोंडावरून हाताने हलकेच वारा घेतला आणि वास घेतला. पुन्हा घेतला. शेजारून कपबशांचा आवाज येत होता आणि कोणीतरी 'सर कुठे राहिले' असं विचारत होतं.

"सूनबाई," सर म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याला सर्दी नव्हती गं."